वाढत्या अंगाची सायकल

धम्मदीपच्या घरात कुठलीही वस्तू मापाची आणायची पद्धत नव्हती. शाळेचा शर्ट आणायचा तो वाढत्या अंगाचा, चप्पल घ्यायची ती पुढच्या वर्षी बसेल अशी, आणि लग्नातला कोट तर असा शिवला होता की आत अजून एक नवरदेव सहज मावला असता. दुकानदाराने काढलेला नग बाजूला सारून आई, म्हणजे चिमाबाई, म्हणायची, "ह्याच्या म्होरला दावा." उरलं तर चालेल, कमी पडायला नको, एवढंच तिचं म्हणणं. आता धम्मदीपने चाळिशी ओलांडली होती. लोणावळ्यातल्या एका लॅबमध्ये तो नोकरीला होता आणि लोकांच्या रक्तातली साखर दशांशापर्यंत सांगत होता. पण स्वतःसाठी काही घ्यायचं झालं की आईचाच हिशोब चालायचा.

म्हणून त्या शनिवारी तुंगार्लीतल्या प्रेरणाच्या सायकलच्या दुकानात उभं राहून तो म्हणाला, "स्टीलची फ्रेम बघायचीय, रोड बाइकची. अठ्ठावन्न नंबर." हे सांगताना त्याच्या मनात मापाबद्दल जराही शंका नव्हती.

दुकानाची मालकीण प्रेरणा त्याच्याहून पाच-सात वर्षांनी लहान. पुण्यातली नोकरी सोडून वडिलांच्या गॅरेजच्या जागेत तिने हे दुकान काढलं होतं. स्वतः सायकलने घाट चढायची, आणि गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी हो ला हो म्हणायचं हे तिच्या स्वभावात नव्हतं.

"उंची किती दादा तुमची?"

"पाच सात."

"मग अठ्ठावन्न कशाला?"

"आत्ताची तीच आहे. सवय झालीय." तो बाहेर उभ्या केलेल्या आपल्या सायकलकडे बोट दाखवत म्हणाला. तीन वर्षांपूर्वी एका बंगलेवाल्याकडून जुनी घेतलेली अॅल्युमिनियमची रोड बाइक होती ती. बंगलेवाला सहा फुटाच्या वर होता. घ्यायच्या आधी चिमाबाईने सायकलला एक फेरी मारली होती आणि "हां, ही कशी गड्याची वाटती," असा निकाल दिला होता. विषय तिथेच संपला होता.

भिंतीवर तीन-चार नुसत्या फ्रेमा टांगल्या होत्या. बारीक नळ्यांच्या, सडसडीत. घरात स्टील म्हटलं की पातेली आणि डबे आठवतात, आणि चिमाबाईने तर विचारलंच होतं की स्टीलची सायकल असेल तर तिला रंग कशाला देतात. धम्मदीपने मात्र महिनाभर व्हिडिओ बघून सगळा अभ्यास केला होता. हे स्टील भांड्यांचं नव्हे, क्रोमोली म्हणतात ते. नळ्या आतून मधे पातळ आणि टोकांना जाड. रस्त्याचे बारीक धक्के गिळून टाकतं, हाताला कमी पोचवतं, असं सगळेच सांगत होते. त्याला ऐकायचं होतं ते हे शेवटचं वाक्य. तेवढ्यासाठी तो आला होता.

खरी गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. वर्षभरापासून त्याच्या हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत होतं. आधी फक्त सायकलवर. रोज कामाला जाताना भाजे गावातल्या घरून निघायचं, मळवलीचं फाटक ओलांडायचं, कार्ला फाट्याला जुन्या हायवेला लागायचं की मुंग्या सुरू. लोणावळ्यात पोचून हात झटकले की जायच्या. मग त्या दुपारपर्यंत राहायला लागल्या, आणि अलीकडे तर सकाळी उठल्यावरही असायच्या.

दुसऱ्या कुणाच्या करंगळीला मुंग्या आल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. धम्मदीपचं काम रक्त काढायचं. सुई धरलेल्या हाताची शेवटची दोन बोटं तो पेशंटच्या हातावर टेकवायचा, त्यांच्या आधाराने हात स्थिर राहायचा. ती बोटं टेकलीत की अधांतरी आहेत हेच कळेनासं झालं, तर सुई जाते कुठे हे कोण सांगणार. गेल्या महिन्यात वलवणच्या रतनबाईंची शीर त्याला दोनदा चुकली होती. लॅबमध्ये नवी पोरं शीर सापडली नाही की त्याला हाक मारायची, आणि तोच दोनदा चुकला. "मावशी, पाणी कमी पिता तुम्ही," असं म्हणून त्याने वेळ मारून नेली होती आणि बाहेर येऊन जिन्यात बसून राहिला होता.

त्याहून मोठी भीती वडिलांच्या दुखण्याची होती. केरबा रेल्वेत गँगमन. लोहमार्गावर हातोडा चालवणारा माणूस. त्यांचंही करंगळीपासूनच सुरू झालं होतं. मग पंजा गेला, मग पाय ओढत चालायला लागले, आणि शेवटची काही वर्षं शर्टाची बटणं चिमाबाई लावून द्यायची. मानेतल्या हाडांनी नस दाबली गेलीय, फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले होते. बटण लावून घेताना केरबा छताकडे बघत उभे राहायचे. धम्मदीपला बापाचा चेहरा आठवायचा तो तसाच.

आता एवढं सगळं डोक्यात असताना माणसाने डॉक्टर गाठावा. लोकांना "तपासणी पुढे ढकलू नका" म्हणून रोज दटावणारा हाच. पण स्वतःच्या साखरेची आणि बी-ट्वेल्व्हची गुपचूप तपासणी करून, दोन्ही ठीक आल्यावर, त्याने एक अफलातून युक्ती काढली होती. स्टीलची सायकल घ्यायची. धक्के बंद होतील. मुंग्या थांबल्या तर दोष रस्त्याचा. स्टीलवरही नाही थांबल्या, तर मग समजायचं की बापाचं दुखणं आपल्याकडे आलं. म्हणजे हा गडी दुकानात फ्रेम घ्यायला आला नव्हता, रिपोर्ट घ्यायला आला होता. आणि तोही मापापेक्षा मोठा.

"सायकल आत घ्या तुमची," प्रेरणा म्हणाली. "आणि बूट काढून भिंतीला पाठ लावून उभे राहा."

तिने पुठ्ठ्याचं एक जाड पुस्तक त्याच्या दोन मांड्यांमध्ये वरपर्यंत सरकवलं, भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि टेप लावला. मग हात मोजले, खांदे मोजले. धम्मदीपला अवघडल्यासारखं होत होतं. शिंप्यानेसुद्धा त्याचं इतकं माप कधी घेतलं नव्हतं, कारण शिंप्याला घरून आधीच "ढिला ठेवा" असा निरोप गेलेला असायचा.

मग तिने त्याची सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर चढवली आणि त्याला बसवलं. तो पायडल मारायला लागला. ती बाजूला वाकून बघत राहिली.

"सीट एवढी पुढे कुणी सरकवली?"

"मीच. हँडल लांब पडत होतं."

"आणि सीटचं नाक खाली?"

"पुढं व्हायला बरं पडतं म्हणून."

"बरं. आता एक करा. पायडल मारत राहा आणि दोन्ही हात हँडलवरनं अलगद उचला. पाठ आहे तशीच ठेवा."

त्याने हात उचलले आणि सरळ पुढे गेला. हनुवटी हँडलला लागता लागता त्याने कसंबसं सावरलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. प्रेरणा हसली नाही.

"म्हणजे सगळं वजन हातांवर आहे तुमचं," ती म्हणाली. "मोठ्या फ्रेमवर हँडल लांब, म्हणून सीट पुढे. सीट पुढे आणि नाक खाली, म्हणून तुम्ही घसरताय. घसरू नये म्हणून तळहातांनी ढकलून धरताय. कोपरं एकदम ताठ. रोज किती चालवता?"

"भाजे ते लोणावळा. जाऊन-येऊन."

मग तिने स्वतःचा तळहात पुढे केला आणि करंगळीच्या बाजूच्या उंचवट्यावर अंगठा दाबून दाखवला. "इथून एक नस जाते. करंगळी बधिर होते का तुमची? आणि ही शेजारची?"

धम्मदीपचा पाय पायडलवरच थांबला. "नाही," तो म्हणाला. मग हँडलकडे बघत, "व्हय. होते," असं म्हणाला. दुकानात ठेवणीतली भाषा बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून घरचा शब्द निघून गेला होता. एवढे दिवस बायकोपासून, आईपासून, लॅबच्या डॉक्टरीणबाईंपासून लपवलेलं तो एका सायकलवालीला सांगत होता. वडिलांचंही सांगितलं. शीर चुकल्याचं सांगितलं. सायकलवर बसूनच सांगितलं, उतरायचं त्याला सुचलंच नाही.

त्याचं संपल्यावर प्रेरणा म्हणाली, "मी डॉक्टर नाही दादा. मानेचं काय आहे ते मला कळणार नाही, आणि मी 'काही नाही' म्हणून तुम्हाला घरी पाठवणार नाही. पण ही सायकल तुमचे हात बधिर करणारच. माझेही केले असते. तुम्ही अठ्ठावन्नची स्टीलची फ्रेम नेली असती तर तिनेही केले असते. मग तुम्ही काय समजला असता?"

तो काय समजला असता हे त्याला चांगलंच माहीत होतं. तिचं म्हणणं पटत होतं, पण त्यावर विश्वास ठेवायची त्याची अजून हिंमत नव्हती.

तिने आतून एक सायकल आणली. स्टीलचीच, मातकट रंगाची, लोकांना चालवून बघायला ठेवलेली. नंबर चोपन्न. धम्मदीपला ती बघूनच कसंसं झालं. एवढीशी. त्याच्या मोठ्या सायकलशेजारी धाकट्या भावासारखी दिसत होती. गावात कुणी बघितलं तर म्हणतील, पोराची सायकल घेऊन फिरतोय.

"लहान नाही होणार?" त्याने विचारलं.

"तुम्ही अजून वाढणार आहात का?"

तो बसला. तिने सीट वर-खाली केली, टायरमधली हवा थोडी कमी केली आणि हात सोडायला सांगितलं. त्याने डोळे बारीक करून, पडायच्या तयारीने हात उचलले. काही झालं नाही. पाय फिरत होते, पाठ होती तिथेच होती, आणि हात हवेत मोकळे होते. असे मोकळे हात घेऊन तो उगाचच बराच वेळ पायडल मारत राहिला.

"ही घेऊन जा घरी. सोमवारी परत आणा," प्रेरणा म्हणाली. "फ्रेमचं आज काही ठरवायचं नाही. आधी डॉक्टर. फ्रेम काही पळून जात नाही."

परतीच्या रस्त्यावर त्याने स्टीलचा विचार करायचं ठरवलं होतं. वरसोलीच्या पुढे रस्ता खडबडीत आहे, तिथे जुन्या सायकलवर दात वाजायचे. ही सायकल त्या खडीवरून गुरगुरत गेली, तक्रार न करता. पण खरं सांगायचं तर तो स्टीलचा विचार करत नव्हता. तो करंगळीचा विचार करत होता. आता येतील, आता येतील, असं म्हणत कार्ला फाटा आला. तो वळला. डोंगर समोर आला, विसापूरवर ढग टेकले होते, रस्त्याकडेच्या खाचरात बायका वाकून लावणी करत होत्या. मळवलीच्या फाटकाशी गाडी जायची होती म्हणून थांबला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण अख्ख्या वाटेत एकदाही हात झटकला नाही. बोटं पूर्ण जागी नव्हती, सकाळचा थोडा बधिरपणा होताच. पण वाढला नव्हता. फाटक उघडून गाड्या सुटल्या, मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न मारला, तरी हा आपला तळहात उलटासुलटा करून बघत उभा.

घरी यशोधरा अंगणात कपडे काढत होती. ती गावच्या अंगणवाडीत सेविका, नजर तयार. तिने आधी सायकलकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"ही कुणाची?"

"दुकानातली. चालवून बघायला दिलीय." मग तो तिथेच पायरीवर बसला आणि म्हणाला, "बस जरा. सांगायचंय."

त्याने सांगितलं. दुकानात एकदा सांगून झालं होतं, त्यामुळे आता सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, पण गेलं नाही. यशोधराने हातातल्या ओल्या टॉवेलची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"मला ठाऊक हाये," ती म्हणाली.

"काय ठाऊक हाये?"

"तुमी कप दोनी हातांनी धरता. पावसाळ्याच्या आधीपासनं. मामांनी पन तसाच धरला होता सुरवातीला, मी नवीन लग्न होऊन आलते तवा." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "तुमी झोपल्यावर मी बोटं दाबून बघायची. हात मागं घेता का, म्हनून."

"मग इचारलं का न्हाईस?"

"तुमी न्हाई म्हनला असता. आन व्हय म्हनला असता तर मी काय केलं असतं?"

दोघं एकाच घरात, एकाच भीतीच्या दोन टोकांना, महिनोन्महिने एकमेकांना चहा देत बसली होती. धम्मदीपला एकदम तिचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग दोन्ही गेले. आतून चिमाबाईने हाक मारली, "धम्मा, कुनाच्या पोराची सायकल आनलीस रं?" तेव्हा दोघंही हसायला लागली, आणि यशोधराचं हसणं अर्ध्यातच रडण्यावर गेलं.

पुढच्या गुरुवारी दोघं तळेगावला नसांच्या डॉक्टरांकडे गेली. यशोधराने सुट्टी टाकली होती. "मी भाईर बसनार न्हाई," असं तिने बसमध्येच सांगून ठेवलं होतं. डॉक्टर वयस्कर, सावकाश काम करणारे. त्यांनी केरबांची सगळी हकीकत ऐकून घेतली. मान वळवून बघितली, वाकवून बघितली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तळपायावर चावीचं टोक फिरवलं, खोलीत सरळ रेषेत चालायला लावलं. मग हातांना तारा चिकटवून विजेचे बारीक झटके दिले. पडद्यावर रेघा उमटत होत्या. दुसऱ्यांचे रिपोर्ट छापणाऱ्या धम्मदीपला त्या रेघांतलं एक अक्षर कळत नव्हतं, आणि न कळणं किती वाईट असतं हे त्याला त्या दिवशी कळलं.

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले. "टोचलं की सांगा. नुसता स्पर्श झाला तर तसं सांगा."

"टोचलं," धम्मदीप म्हणाला. अंगठा. "टोचलं." तर्जनी. "टोचलं." मधलं. मग करंगळीशेजारचं बोट, आणि तो थांबला. खोलीत पंख्याचा आवाज होता. यशोधराचा श्वास त्याला ऐकू येत होता. "टोचलं," तो म्हणाला. "कमी. पण टोचलं." करंगळीलाही तसंच.

डोळे उघडायला सांगून डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "मान चांगली आहे तुमची. पाय चांगले आहेत. वडिलांचं होतं ते मानेत होतं, तुमचं मनगटात आहे. तळहातावर सतत भार येऊन नस दाबली गेलीय, दोन्हीकडे. वेळेवर आलात. भार काढला की हळूहळू सुधारेल, दोन-तीन महिने लागतील. तोवर व्यायाम देतो." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "सायकल बदला. सायकल सोडू नका."

यशोधराचा जीव इतका एकदम भांड्यात पडला की तिने खुर्चीचा हात धरला. धम्मदीप डॉक्टरांना "थँक्यू सर" म्हणाला, मग परत म्हणाला, आणि तिसऱ्यांदाही म्हणाला. डॉक्टरांनी हसून पुढच्या पेशंटची घंटी वाजवली.

बाहेर आवारात गुलमोहराखाली बाकडं होतं. दोघं तिथे टेकली. बस गाठायची होती, पण कुणालाच उठावंसं वाटेना. त्याने प्रेरणाला फोन लावला.

"ताई, चोपन्न," तो म्हणाला. "मनगटातच निघालं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिचा सुटलेला श्वास फोनमधून ऐकू आला. "फ्रेम आहे माझ्याकडे. रंग?"

यशोधराने फोन त्याच्या हातातून घेतला, "निळा द्या," म्हणून सांगितलं आणि परत त्याच्या हातात दिला.

"निळी आहे," प्रेरणा म्हणाली. "अजून एक. स्टील बाहेरून रंगवलेलं असतं, गंजतं ते आतून. नळ्यांमध्ये गंज न लागायचं औषध फवारून देते, पण वाळायला वेळ लागेल, सायकल जरा उशिरा मिळेल. नाही मारलं तरी आपल्या पावसातसुद्धा सात-आठ वर्षं काही होत नाही. तुम्ही सांगाल तसं."

"मारा," धम्मदीप म्हणाला. "सात-आठ वर्षांनी मला चालवायचीच हाये ती."

बोलून गेला आणि मग स्वतःचंच बोलणं ऐकून तो गप्प झाला. गेलं वर्षभर पुढच्या दिवाळीचा विषय निघाला तरी तो उठून बाहेर जायचा. प्रेरणा फोनवर "हॅलो, दादा, हॅलो" करत होती. यशोधराने हळूच फोन काढून घेतला आणि म्हणाली, "ऐकलंय त्यांनी. मारा औषध. येतो आमी."